कॅल्सिट्रिऑल आणि प्रोस्टेटच्या पेशी
कॅल्सिट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप. कार्याने ते संप्रेरकच. प्रोस्टेटच्या पेशीत ते आपल्या ग्राही प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन रेटिनॉइड एक्स ग्राहीशी जोडी जमवून डीएनएवरील ठरावीक जागी बसते व काही जनुके जागी करते. त्यांतून वाढणारे आयजीएफबीपी-३ हे प्रथिन महत्त्वाचे : ते इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाला बांधून ठेवते, शिवाय पी२१ या प्रथिनाची पातळी वाढवते. पी२१ सीडीके२ या विकराला रोखते. पेशी विभाजनचक्राच्या जी१ टप्प्यातच अडते, डीएनएची नक्कल सुरूच होत नाही. हा क्रम प्रामुख्याने प्रयोगशाळेतील एलएनकॅप या प्रोस्टेट-कर्करोगाच्या पेशींत दिसला. माणसांत मात्र कॅल्सिट्रिऑलच्या मोठ्या मात्रेने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीला जाऊ शकते. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत (२०१९) रोज २००० एकके ‘ड’ जीवनसत्त्व घेऊनही कर्करोगाचे प्रमाण घटले नाही.