विमान थांबलं, तेव्हा सरलाबाईंनी काय केलं?

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. तसंही चालेल.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एक काकू गप्प बसून होत्या. बचत भरली, सही केली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या. बारा वर्षं त्यांनी शाळेत पोरांची खिचडी शिजवली. आता जेवण बाहेरून शिजून येणार म्हणून त्यांचं काम बंद झालं. मी सहयोगिनी, माझ्याकडे उत्तर तयारच होतं. म्हटलं, "काकू, शेळ्यांसाठी कर्ज घ्या, गटातून लगेच मंजूर करू." त्या हळूच म्हणाल्या, "ताई, मला शेळीतलं काय कळतंय?" मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. त्यांना काय येतं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मला सरला ठकराल आठवल्या. बीएला असताना त्यांच्याबद्दल थोडं वाचलं होतं, आता पुन्हा शोधून वाचलं. विमान चालवण्याचा परवाना मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून त्यांचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असतं. पण ती ओळ 1936 सालापाशी संपते. त्यांचं खरं आयुष्य त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं चाललं, आणि आज मला ते पुढचंच सांगायचं आहे.

सरलाबाईंचा जन्म 1914 चा. सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा पी. डी. शर्मा वैमानिक, कराची ते लाहोर टपालाचं विमान न्यायचे. सासरच्या घरात म्हणे नऊ जण विमान चालवणारे! आपल्याकडे एखाद्या घरात सगळेच ड्रायव्हर असतात ना, तसं. नवऱ्याने तर उत्तेजन दिलंच, पण त्याहून जास्त हौस सासऱ्यांना. त्यांनीच सुनेचं नाव फ्लाइंग क्लबात घातलं.

1936 साली, एकविसाव्या वर्षी, सरलाबाईंनी जिप्सी मॉथ नावाचं छोटं विमान एकटीने उडवलं. वर-खाली अशा पंखांच्या दोन जोड्या आणि बसायची जागा उघडी, असं ते विमान. अंगावर साडी होती, आणि घरी चार वर्षांची मुलगी. पुढे त्यांनी हजार तासांचं उड्डाण पुरं केलं. हजार तास म्हणजे किती, याचा मी हिशोब मांडला. रोज दोन तास धरले तरी जवळपास दीड वर्षं, एकही सुट्टी न घेता. म्हणजे एक दिवस फोटोपुरती बसलेली ही बाई नव्हती. तिला हेच काम करायचं होतं.

मग 1939 साल आलं. विमान अपघातात नवरा गेला. सरलाबाई तेव्हा चोविसाच्या.

आता मैत्रिणींनो, नीट ऐका. लोक सांगताना इथे घाई करतात. म्हणतात, नवरा गेला, मग त्या चित्रकार झाल्या. तसं झालं नाही. आधी त्यांनी विमानातच पुढे जायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे होता तो पहिल्या पायरीचा परवाना. पगार घेऊन विमान चालवायचं तर वेगळा, व्यावसायिक परवाना लागतो. त्याच्या तयारीसाठी त्या जोधपूरला गेल्या. ज्या आकाशाने नवरा नेला, त्याच आकाशात पोट भरायला निघाल्या. त्याला किती धीर लागला असेल, ते आपण बायकाच समजू शकतो.

पण त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि साध्या नागरिकांना विमान शिकवणं बंद झालं. यात सरलाबाईंची काही चूक नव्हती. अभ्यास कमी पडला नाही, हात कापला नाही. दारच बंद झालं. खिचडीवाल्या काकूंचं तरी कुठे काय चुकलं होतं?

युद्ध कधी संपेल, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते पुढे सहा वर्षं चाललं. लेकरं वाढवायची आहेत, तोवर वाट बघत बसणार कशी? सरलाबाई लाहोरला परत आल्या आणि त्यांनी मेयो कलाशाळेत नाव घातलं. ही 1875 ची जुनी शाळा, चित्रं आणि कारागिरी दोन्ही शिकवणारी. तिथे त्या बंगाली शैलीची चित्रकला शिकल्या आणि ललित कलेची पदविका घेतली. हजार तास विमान चालवलेली बाई पुन्हा पहिल्या बाकावर बसून रेघ ओढायला शिकली. मला त्यांच्या गोष्टीतली ही जागा सगळ्यात मोठी वाटते. आपल्या कितीतरी बायकांना चाळिशीत प्रशिक्षणाला चला म्हटलं की लाज वाटते. "आता या वयात काय शिकायचं ताई?" सरलाबाई विधवा होत्या, काळ 1939-40 चा होता, आणि तरी त्या शिकायला गेल्या.

एवढं करूनही घडी बसली असं नाही. 1947 ला फाळणी झाली. लाहोर पाकिस्तानात गेलं. सरलाबाई दोन मुलींना घेऊन दिल्लीला आल्या. घर, ओळखीची माणसं, शाळा, क्लब, सगळं मागे राहिलं. 1948 साली त्यांनी आर. पी. ठकराल यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्या आर्य समाज मानणाऱ्या होत्या, आणि आर्य समाजात विधवेचं लग्न लावण्याला पाठिंबा होता. त्यामुळे तो रस्ता त्यांना मोकळा होता.

दिल्लीत त्यांनी दागिने बनवायला सुरुवात केली. सोन्याचे नव्हेत, हौसेने घालायचे. स्वतः आखायच्या, बनवायच्या आणि स्वतःच घालून मिरवायच्या. चार बायकांनी गळ्यात बघितलं की विचारणारच, कुठून घेतलं? दिल्लीतल्या मोठ्या घरच्या बायका ते घालू लागल्या. पंधरा वर्षं त्यांनी कॉटेज एम्पोरियमला माल दिला. स्वातंत्र्यानंतर कारागिरांच्या वस्तूंना बाजार मिळावा म्हणून दिल्लीत उभं राहिलेलं हे मोठं विक्री केंद्र. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाने ते सुरुवातीची वर्षं चालवलं. आपल्या गटांचा माल प्रदर्शनात लागतो ना, त्याचीच ही थोरली बहीण म्हणा.

नंतर त्या लाकडी ठशांच्या छपाईकडे वळल्या. त्यांच्या छापील साड्याही त्याच एम्पोरियमने घेतल्या, आणखी पंधरा वर्षं. त्यांचं काम आवडणाऱ्यांत विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्यानंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठीही त्यांनी काम केलं. आणि या सगळ्यात चित्रं काढणं कधी सोडलं नाही. नव्वदीतही त्या कामात होत्या.

बघा, दागिने, साड्या, नाटक. वरवर धंदे वेगळे दिसतात. पण मुळात लाहोरच्या त्या शाळेत शिकलेली रेघ आणि रंग सगळीकडे तेच आहेत. आणि गिऱ्हाईकही एकदा जोडलेलं होतं, तेच टिकवलं. माल बदलला, दुकान तेच ठेवलं.

आता कोणी म्हणेल, ताई, त्या मोठ्या घरच्या. बरोबर आहे. विमानाच्या क्लबात जाणारी सून आणि चुलीच्या धुरात बारा वर्षं काढलेली बाई यांत फरक आहे, तो मी झाकणार नाही. त्यांना फी भरायला पैसा मिळाला, इंग्रजी येत होतं, ओळखी होत्या. आपल्याला तेवढं मिळत नाही, म्हणून तर गट काढले. पण युद्ध आणि फाळणी मोठं घर बघून थांबली नाहीत.

आणखी एक. पुढे बायकांसाठी ते दार उघडलं. 1947 साली प्रेम माथूर यांनी व्यावसायिक परवाना मिळवला आणि हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये त्या नोकरीला लागल्या. तोवर सरलाबाई तिशी ओलांडून गेल्या होत्या आणि दुसऱ्या वाटेला लागल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं नसेल, असं मी म्हणणार नाही. आवडतं काम सुटलं की ते आत कुठेतरी राहतंच. पण त्यासाठी हातातलं काम त्यांनी अडवून धरलं नाही.

मी काकूंच्या घरी पुन्हा गेले. या वेळी कर्जाचा फॉर्म नेला नाही. विचारलं, "काकू, बारा वर्षांत काय काय केलंत ते सगळं सांगा." आधी म्हणाल्या, "काय, खिचडी." मग एकेक निघालं. किती पोरांना किती तांदूळ हे न मोजता कळतं. महिन्याचा किराणा कुठे स्वस्त पडतो ते ठाऊक. साठ्याची वही सरांबरोबर लिहायच्या. शंभर माणसांचा स्वयंपाक दोघींत उरकायच्या. मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पान भरलं, तेव्हा काकूंनी ते हातात घेऊन दोनदा वाचलं.

त्यांचं अजून ठरलेलं नाही. लग्नकार्याच्या स्वयंपाकाचं बोलतात, पण मोठी भांडी कुठून आणायची हा प्रश्न आहे. पुढच्या बैठकीत तो विषय घेणार आहोत. तुमच्या गटातही अशी कोपऱ्यात बसलेली कोणी असेल, तर शेळ्या आणि शिलाई मशीनचं नाव काढण्याआधी तिला एवढं विचारा, तुला काय काय येतं? आणि लिहून घ्या.

चला, येते. पुन्हा भेटू. नमस्कार.