दुखरी पाठ आणि चोळणारे हात



पाळी संपवून घरी आलेला बाप जमिनीवर पालथा पडतो आणि पोराला म्हणतो, "जरा पाठीवर पाय दे रे." पोर भिंतीला धरून पाठीवर उभे राहते, टाचेने कंबर दाबते, आणि बापाच्या तोंडून सुटकेचा हुंकार बाहेर पडतो. कामकऱ्यांच्या वस्तीत वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. या उपचाराला फी नाही, औषध नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागाही नाही. अंगमर्दनाच्या इतिहासात आज मी तीनच गोष्टी पाहणार आहे : अंग कोणाचे चोळले गेले, कोणी चोळले, आणि चोळणाऱ्याच्या पदरात काय पडले.

विद्या फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे गुण सांगताना तेल मुरलेले मडके, तेल चोळलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस असे तीन दाखले दिले आहेत. हे दाखले कुंभाराच्या, चांभाराच्या आणि गाडीवानाच्या अंगणातले आहेत. शरीर सांभाळावे कसे, हे समजावून सांगायला शास्त्रकाराला कष्टकऱ्यांच्या रोजच्या वस्तूच उपयोगी पडल्या.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तर हा धंदा करणारा माणूसच रंगभूमीवर येतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणले, त्यामुळे आपल्याला ते परके नाही. या पात्राला स्वतःचे नावसुद्धा नाही. तो नुसता 'संवाहक', म्हणजे अंग चेपणारा. पाटलिपुत्राहून उज्जयिनीला आलेला हा गृहस्थाचा मुलगा कला म्हणून मर्दन शिकला आणि पुढे पोटासाठी तेच करू लागला. धनी चारुदत्त दरिद्री झाला, याची चाकरी सुटली आणि हा जुगारात बुडाला. बेकार माणसाचे काय होते याचे हे जुने उदाहरण आहे. वसंतसेना त्याचे कर्ज फेडते, तो भिक्षू होतो, आणि पुढे शकाराने गळा दाबून मेली म्हणून टाकून दिलेल्या वसंतसेनेला तोच वाचवतो. ज्याचा जन्म दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्यात गेला, तो त्या वेळी भिक्षूच्या नियमाप्रमाणे तिला हात लावत नाही. धरून उठायला जवळची वेल वाकवून देतो.

बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. हे कल्याणी कर्नाटकातले. आपले शेजारचे कल्याण नव्हे. त्यात राजाच्या तैलमर्दनाचे आणि स्नानाचे वर्णन आहे, तसे मल्लांच्या खुराकाचे आणि मेहनतीचेही आहे. तीच परंपरा तालमीत टिकली. तालमीत जोडीदार एकमेकांचे अंग रगडतात. आज ज्याने चोळले त्याचे उद्या दुसरा चोळतो. तिथे मालक नाही आणि चाकरही नाही. गावगाड्यात मात्र हे काम न्हाव्याकडे असे. त्याच्या हाताने अंग चोळून घ्यायला कोणाची हरकत नव्हती. पंक्तीला शेजारी बसवायला होती. आणि घरात बाळंतिणीला व बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, निरगुडीच्या पाल्याने गुडघा शेकणारी आजी, या तर कोणाच्याच हिशेबात नव्हत्या.

पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान थाटले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि चौथ्या जॉर्ज राजाकडे मान मिळवला. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द आपल्या 'चांपो'वरून गेला. ज्या हाताला आपल्याकडे बलुते मिळत होते, त्याच हाताला तिकडे राजाश्रय मिळाला.

पण राजाश्रय हा एकट्याचा असतो. धंद्याची प्रतिष्ठा कशी मिळते, ते १८९४ सालच्या लंडनमध्ये पाहावे. मालीशीच्या नावाखाली अनाचार चालतो अशी ओरड झाली, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा आणि आचारनियम ठरवले. १९२० साली त्या संस्थेला राजसनद मिळाली. इंग्लंडातील आजचा फिजिओथेरपीचा व्यवसाय या संघटनेतून वाढला. कामगार चळवळीत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. बदनामीला उत्तर द्यायचे तर एकट्याने भागत नाही; संघटना लागते.

आपल्या मुंबईत पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, आणि १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. त्याच सुमारास, १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकर यांनी तेलाच्या बाटल्या घेऊन हिंडणारा मालीशवाला रंगवला. प्रेक्षक हसले. हातांचे दोन रस्ते इथे वेगळे झाले : एकाला पदवी मिळाली, दुसऱ्याला पदपथ. फिजिओथेरपिस्टांना २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची चौकटही मिळाली, आणि ते योग्यच झाले. चौपाटीवरच्या हाताला मात्र अजून कोणी विचारलेले नाही.

आता पाठीकडे वळू. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांच्याबरोबर मर्दनालाही स्थान आहे. कमरेला नित्य पट्टा बांधणे मात्र त्यांनी सुचवलेले नाही. मर्दनाने आराम मिळतो, पण बहुधा थोड्या काळाचा. तेवढ्या उसंतीत माणसाने हालचाल वाढवावी, हा त्याचा खरा उपयोग. पायाला बधिरपणा येत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा ताप असेल, तर तेलाची बाटली ठेवून थेट डॉक्टरकडे जावे.

आणि ओझ्याचे काय? रात्री चोळलेली पाठ सकाळी पुन्हा त्याच पोत्याखाली गेली, तर मालीशवाला काय करणार? १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. १९६९ साली, अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या माथाडींमुळे, महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याला नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. धान्याचे पोते १०० किलोचे असे. सरकारी खरेदीत ते ५० किलोचे झाले. पोते निम्मे करणे हाही पाठीवरचा उपचारच आहे, आणि तो रोज पुन्हा करावा लागत नाही.

माजिवड्याच्या नाक्यापासून घोडबंदरच्या बाजूला चालत गेलात तर जागोजागी 'स्पा'च्या पाट्या दिसतील. तिथे जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याची मानही दुखतेच. फक्त पुढच्या वेळी पालथे पडल्यावर चोळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दोन गोष्टी विचारा : पगार वेळेवर मिळतो का, आणि अंगठे दुखतात का? दिवसभर दुसऱ्याची पाठ चोळणाऱ्याचे अंगठे आणि मनगट दुखतात, आणि संध्याकाळी ते चोळायला बहुधा कोणी नसते. संवाहकाला शूद्रकाने नाव दिले नाही. आपण निदान समोरच्या माणसाचे नाव विचारून सुरुवात करू या.