दाताची कीड

दाढ ठणकू लागली की आपण काय म्हणतो? "दाढेला कीड लागली." शाळेतली पोरे तेच म्हणतात आणि त्यांचे गुरुजीही तेच म्हणतात. पण ही कीड कोणी डोळ्यांनी पाहिली आहे काय? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्याचे खरे उत्तर सापडायला माणसाला हजारो वर्षे लागली. आणि ते उत्तर घरोघर न पोचल्यामुळे आजही कितीतरी लोक वाचू शकणारी दाढ गमावून बसतात.

आमच्या लहानपणी हिंगोलीकडे दाढदुखीवर रिंगणीच्या बियांची धुरी घेत. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीने धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ पाण्याच्या वाटीत सोडायची. थोड्या वेळाने वाटीत बारीक पांढरे काहीतरी तरंगे. "बघ, पडली कीड!" असे आजी म्हणायची. आम्हालाही ते पटायचे. वास्तविक ती कीड नव्हे. तडकलेल्या बियांतले ते वाकडे अंकुर.

ही समजूत काही आपल्याच मुलखातली नाही. दातातल्या किड्याची कथा बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' नावाचा रोगच सांगितला आहे. इंग्लंडमध्येही अशीच बियांची धुरी देत. तिथल्या जॉन जेरार्ड याने 1597 साली आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात लिहून ठेवले की, दात उपटणारे लबाड लोक वाद्याच्या तारांचे तुकडे गुपचूप पाण्यात टाकतात आणि तेच किडे म्हणून दाखवतात. म्हणजे बाजार कुठलाही असो, दुखणाऱ्या माणसाला फसवणे सोपे!

पुढे 1728 साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपण दातात असले किडे कधी पाहिले नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. मग दात पोखरतो कोण? त्याचा उलगडा मिलर या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये काम करताना केला आणि 1890 साली तो ग्रंथरूपाने मांडला. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दाताला चिकटलेले गोड आणि पिठूळ अन्न खाऊन ते आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कठीण कवच हळूहळू विरघळवते. म्हणजे कीड बाहेरून येत नाही. आपल्याच बिस्किटावर आणि गोड चहावर ती पोसली जाते. आणि एकदा खड्डा पडला की तो धुरीने बुजत नाही. ठणका घटकाभर थांबला तरी आत पोखरणे चालूच राहते.

मग जुने सगळेच खोटे का? तसे मुळीच नाही. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा, हिरड्यांना इजा न करता, दातवणाने दात घासावेत असे सांगितले आहे. आजचे डॉक्टरही दोन वेळाच सांगतात. लवंगेच्या तेलाने ठणका खरोखर कमी होतो. दंतवैद्यही ते औषधात वापरतात. मात्र कोळसा किंवा खरखरीत राखुंडी रोज घासली तर दात झिजतात. आणि मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, हे दंतमंजन नव्हेच. ती व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावणे धाडते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने 1992 साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा काय करणार? तिथे घरच्यांनीच बोलले पाहिजे.

"दवाखान्यात दात काढताना जीव जातो," ही भीती मात्र एके काळी खरी होती. तेव्हा माणसाला धरून ठेवून दात उपटत. गंमत अशी की, भूल देण्याची विद्या पुढे आणली ती दंतवैद्यांनीच. 1844 साली होरेस वेल्सने वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली; 1846 साली मॉर्टनने बोस्टनमध्ये ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. आपली हिंगोली ज्या निजामाच्या राज्यात होती, तिथे हैदराबादला 1888 आणि 1889 साली क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासायला आयोग नेमले गेले. आज तर हिरडीत एक सुई दिली की तेवढीच जागा बधिर होते.

हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आले. देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात काढले. मुंबईचे नायर 1933 चे. मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते 1982 साली. तेव्हा आपल्या आजी-आजोबांचा धुरीवर भरवसा होता, यात त्यांचा दोष नाही. आपण मात्र आता सबब सांगू नये.

लोक आणखी विचारतात, वरची दाढ काढली की नजर जाते काय? नाही. दाताची नस वेगळी, पाहण्याची नस वेगळी. दात साफ करून घेतले की हलतात काय? नाही. साचलेले किटण हिरडी सोडवते. ते निघाले की आधीच सैल झालेला दात जाणवतो, इतकेच. दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला? कारण त्यांच्या मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दाताला बाधा पोचते.

गुरुजींना एकच विनंती. महिन्यातून एकदा मुलांना उजेडात तोंड उघडायला सांगा. दाढेवर काळा ठिपका दिसला तर पालकांना बोलावून दंतवैद्याकडे पाठवा. ठिपका असतो तोवर दाढ भरता येते. ठणका लागल्यावर काम वाढते, खर्चही वाढतो आणि पुष्कळदा दाढच जाते.