मिरासदार आणि उपरी : भाऊसाहेब निंबाळकर यांची क्रिकेट कारकीर्द – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्रीडा हा समाजजीवनाचा एक महत्त्वाचा घटक आहे. तरीही महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात खेळाडूंच्या जीवनाचा विचार बहुधा गौरवग्रंथांपुरता मर्यादित राहिला आहे. जे खेळाडू देशाच्या संघात चमकले त्यांची चरित्रे लिहिली गेली. परंतु जे वर्षानुवर्षे प्रांतिक संघांतून खेळले, एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे गेले आणि राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावरूनच परतले, त्यांच्या कारकिर्दीचा स्वतंत्र अभ्यास फारसा झालेला नाही. वस्तुतः कोणत्याही खेळाचा डोलारा अशाच खेळाडूंच्या खांद्यावर उभा असतो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरचे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या वर्गाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. नाबाद ४४३ धावांचा डाव खेळलेल्या फलंदाजाला एकही अधिकृत कसोटी सामना का मिळाला नाही, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

मराठेकालीन ग्रामव्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन प्रमुख वर्ग होते. मिरासदाराचा आपल्या जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे आणि गावाच्या कारभारात त्याला मान असे. उपरी हा बाहेरून आलेला कुळवाडी. तो ठरावीक मुदतीच्या कराराने जमीन कसत असे आणि मुदत संपल्यावर अन्यत्र जाण्यास मोकळा असे. पडीक जमिनी लागवडीस आणण्यात उपऱ्यांचा वाटा मोठा होता. मात्र गावात त्यांना मिरासदाराचा दर्जा नव्हता.

कसबी माणसाच्या स्थलांतराची परंपरा याहूनही जुनी आहे. मावळातील कार्ले येथील चैत्यगृहाचे कोरीव लेख याची साक्ष देतात. लेणे पूर्ण करणारा श्रेष्ठी भूतपाल हा दूरच्या वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा होता. लेण्याच्या दाराचे काम करणारा सुतार सामी हा धेनुकाकटचा होता. कोरीव लेखात सामीची ओळख गाव, पिता आणि कसब एवढीच आहे.

विसाव्या शतकातील फिरत्या व्यावसायिक खेळाडूची स्थिती पुष्कळ अंशी उपऱ्यासारखी होती. त्याच्या कसबाला मागणी होती, परंतु एका संघावर त्याचा कायमचा हक्क नव्हता. ही अवस्था भारतापुरती मर्यादित नाही. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या प्रमुख लीगमध्ये १९४२ ते १९६७ या काळात केवळ सहा संघ होते. त्यामुळे अनेक सक्षम बचावपटूंना बरीच वर्षे दुय्यम लीगमध्ये, निरनिराळ्या शहरांतून खेळावे लागे. जागा थोड्या आणि कसबी माणसे अधिक, हे या स्थितीचे मूळ कारण होय. मात्र तेथे दुय्यम लीगमध्ये का होईना, संपूर्ण हिवाळाभर खेळ आणि त्याचे वेतन उपलब्ध होते. भारतीय क्रिकेटमध्ये तशी सोय नव्हती.

राजाश्रय आणि नोकरी

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्या काळात क्रिकेटपटूला खेळावर थेट उदरनिर्वाह करणे कठीण होते. उपजीविकेचे मुख्य मार्ग दोन होते. पहिला मार्ग संस्थानिकांच्या आश्रयाचा. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत अधिकारी होते. विजय हजारे सांगलीचे; ते महाराष्ट्र व मध्य हिंदुस्थान या संघांकडून खेळले आणि पुढे बडोद्याच्या संघाचे आधारस्तंभ झाले. दुसरा मार्ग रेल्वे, बँका, गिरण्या व खाजगी कंपन्या यांतील नोकरीचा.

याखेरीज मोजक्या खेळाडूंसाठी इंग्लंडमधील लँकेशायर लीगचा तिसरा मार्ग खुला होता. १९५२ साली विनू मंकड यांनी हॅसलिंग्डन क्लबशी करार केला. त्यामुळे त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातील लीड्सची पहिली कसोटी ते खेळू शकले नाहीत. पुढे क्लबने मोकळीक दिल्यावर लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. देशाचा संघ आणि उपजीविका यांत निवड करण्याची वेळ मंकडांसारख्या अव्वल खेळाडूवरही येत होती, हे यावरून स्पष्ट होते.

निंबाळकरांची वाटचाल

भाऊसाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द १९३९-४० ते १९६४-६५ अशी सुमारे पाव शतकाची आहे. आरंभी ते बडोद्याकडून खेळले. त्यानंतर महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा निरनिराळ्या संघांचे त्यांनी प्रतिनिधित्व केले. ते प्रामुख्याने फलंदाज होते, परंतु मध्यमगती गोलंदाजीही करीत. एकूण ८० प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४७.९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा केल्या. त्यांत १२ शतके आहेत. गोलंदाज म्हणून त्यांनी ५८ बळी घेतले.

या आकड्यांतील सामन्यांची संख्या विशेष लक्षणीय आहे. सव्वीस मोसमांत ८० सामने, म्हणजे एका मोसमात सरासरी तीन. १९५६-५७ पर्यंत रणजी स्पर्धा बाद पद्धतीने खेळवली जात असे. पहिल्याच सामन्यात संघ हरला तर त्याचा त्या वर्षीचा करंडक संपला. विभागवार साखळी सामने १९५७-५८ पासून सुरू झाले. तेव्हा निंबाळकर अडतीस वर्षांचे होते. तुलनेसाठी असे सांगता येईल की, उपरोक्त अमेरिकी हॉकी लीगमध्ये १९४९-५० पासून प्रत्येक संघ एका मोसमात ७० सामने खेळत असे. तेथील खेळाडूच्या जेमतेम एका वर्षाच्या खेळाएवढी संधी निंबाळकरांना संपूर्ण कारकिर्दीत मिळाली. ज्या कारागिराला वर्षातून तीनदाच अवजार हाती धरता येते, त्याचे प्रत्येक अपयश मोठे दिसते आणि प्रत्येक यश योगायोग मानले जाते.

पुण्याचा डाव

डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा रणजी सामना झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या डावात निंबाळकर व के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली, तेव्हा निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास त्यांना केवळ दहा धावा हव्या होत्या. खेळाच्या मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुन्हा खेळपट्टीवर जाता आले नाही.

पुढे १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांनी ४९९ आणि १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावा करून हा विक्रम नव्या उंचीवर नेला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या मात्र निंबाळकरांचीच राहिली. संस्थानी क्रिकेटमध्ये खेळाचे नियम आणि दरबारी प्रतिष्ठा यांची सरमिसळ कशी होत असे, याचे हे बोलके उदाहरण आहे. संस्थानिकाच्या प्रतिष्ठेला धक्का बसू लागताच एका खेळाडूच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण अर्धवट राहिला.

कसोटी संघापासून दूर राहण्याची कारणे

निंबाळकरांच्या उपेक्षेचे खापर केवळ निवड समितीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यामागे पुढील कारणे संभवतात.

१) मधल्या फळीतील स्पर्धा : हा डाव वेस्ट इंडीजच्या भारत दौऱ्यातील दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीच्या दरम्यान खेळला गेला. त्या मालिकेत रुसी मोदी यांनी ५६० आणि विजय हजारे यांनी ५४३ धावा केल्या. लाला अमरनाथ, हेमू अधिकारी, दत्तू फडकर हेही संघात होते. अशा संघात जागा होणे अवघड होते.

२) कसोटी सामन्यांचा खंड : फेब्रुवारी १९४९ मध्ये ती मालिका संपली. त्यानंतर भारताचा पुढचा अधिकृत कसोटी सामना थेट नोव्हेंबर १९५१ मध्ये झाला. मधल्या काळात राष्ट्रकुल संघांविरुद्ध अनधिकृत कसोटी सामने झाले आणि त्यांपैकी एकात निंबाळकरांना संधी मिळाली. म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी केलेल्या विक्रमाचे चीज होण्याची वेळ आली तेव्हा ते जवळजवळ बत्तीस वर्षांचे होते. तोवर पॉली उमरीगर, विजय मांजरेकर अशी तरुण पिढी पुढे आली होती.

३) पुण्यातील धावसंख्यांचे अवमूल्यन : हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुण्यातच नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. निंबाळकरांच्या विक्रमानंतर काही महिन्यांतच, मार्च १९४९ मध्ये, पुण्याच्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील हा सर्वाधिक धावांचा विक्रम ठरला. अशा मैदानावरील मोठ्या डावाचे महत्त्व कमी लेखले जाणे स्वाभाविक होते. परंतु हा आक्षेप पूर्णतः टिकणारा नाही. ४४३ धावांचा तो डाव नाबाद असल्याने तो वगळला तरी बाद होण्याची संख्या बदलत नाही. उरलेल्या ४,३९८ धावांची सरासरीही सुमारे ४३.५ येते आणि अकरा शतके शिल्लक राहतात. म्हणजे निंबाळकर हे एका डावाचे फलंदाज नव्हते.

४) पाठीशी स्थिर संघ नसणे : मुंबईसारख्या संघातील खेळाडूला शहरातील स्पर्धा, वृत्तपत्रे आणि क्रिकेट संघटना यांचे पाठबळ असे. वारंवार संघ बदलणाऱ्या खेळाडूची बाजू मांडणारे कोणी नसे. येथे मिरासदार आणि उपरी यांतील भेद प्रकर्षाने जाणवतो.

मात्र चौथे कारण स्वतंत्रपणे निर्णायक मानता येणार नाही. विजय मांजरेकर यांचे उदाहरण याबाबत उद्बोधक आहे. मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून ते रणजी स्पर्धा खेळले. तरीही १९५१ ते १९६५ या काळात त्यांनी ५५ कसोटी सामन्यांत ३,२०८ धावा केल्या. त्यांचा जन्म १९३१ चा. अधिकृत कसोटी सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. निंबाळकरांपेक्षा बारा वर्षांनी लहान. स्थलांतर दोघांच्याही वाट्याला आले; काळाची अनुकूलता एकालाच लाभली. अर्थात मांजरेकरांनाही शाश्वती नव्हतीच. १९६५ मध्ये मद्रास येथे न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०२ धावा केल्यावर त्यांना पुन्हा कसोटी संघात घेतले गेले नाही.

फिरत्या खेळाडूंचे योगदान

स्थलांतराचा लाभ संघांना निश्चितच झाला. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्यात बाहेरून आलेल्या गुणी खेळाडूंचा वाटा होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९५४-५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून लुप्त झाले. रेल्वेचा संघ १९५८-५९ मध्ये रणजी स्पर्धेत उतरला. निंबाळकर या दोन्ही संघांकडून खेळले. एका अर्थी त्यांची कारकीर्द हा राजाश्रयाकडून सरकारी नोकरीकडे झालेल्या संक्रमणाचाच नकाशा आहे. नव्या संघांना अनुभवाची गरज असते आणि ती गरज असेच खेळाडू भागवत होते.

निष्कर्ष

निंबाळकरांच्या कारकिर्दीवरून असे दिसून येते की, खेळाडूचे ऐतिहासिक स्थान केवळ त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही. सामन्यांची उपलब्धता, आश्रयाचे स्वरूप आणि जन्मवर्ष या गोष्टीही तेवढ्याच निर्णायक असतात. कसोटी सामन्यांच्या यादीला प्रमाण मानून लिहिलेला क्रीडेचा इतिहास त्यामुळे अपुरा राहतो. प्रांतिक सामन्यांची धावपत्रके, संस्थानांची दप्तरे आणि नोकरीच्या नोंदी यांच्या आधारे असा इतिहास नव्याने लिहिणे शक्य आहे. स्थानिक महाविद्यालयांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने उत्तरायुष्यात निंबाळकरांचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मान केला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. अनेक संघांची जमीन कसलेल्या या उपऱ्याच्या नावावर राहिलेली मिरास म्हणजे पुण्याच्या मैदानावरील त्या ४४३ धावा होत.