गाडीच्या चाकांना पॉलिश की पावडर कोटिंग? आधी धातू बघा, मग रस्ता

सांगली : ऊस वाहतुकीचा हंगाम, रस्त्यावर सुटलेली खडी आणि नंतर पावसाळ्यातला काळा चिखल, एवढं झालं की चारचाकीच्या चाकांची पार रया जाते. कडेला ओरखडे, रंगाचे पोपडे, अलॉयवर पांढरट डाग. नवी चाकं घ्यायची तर खर्च मोठा, म्हणून आहे तीच चकाचक करून घ्यायचा विचार होतो. मग प्रश्न येतो, पॉलिश मारावं की पावडर कोटिंग करावं? गॅरेजवाला एक सांगतो, टायरवाला दुसरं. खरं तर निम्मं उत्तर चाक कशाचं आहे यातच असतं.

ते ओळखायला चुंबक पुरतो. चिकटला तर लोखंडी डिस्क, नाही चिकटला तर अलॉय. बऱ्याच गाड्यांना प्लास्टिकची व्हीलकॅप असते, ती काढून आत बघावं लागतं. लोखंडी डिस्कला पॉलिश करण्यात अर्थ नाही. घासून चमक येईल, पण रंगाचं कवच निघाल्यावर पहिल्याच पावसात गंज धरतो. तिथं पावडर कोटिंग किंवा चांगला स्प्रे पेंट, एवढेच दोन पर्याय. आपल्याकडे अलॉयला सरसकट ‘मॅग व्हील’ म्हणतात. ते नाव मॅग्नेशियमवरून आलं असलं तरी नेहमीच्या गाड्यांची ही चाकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. पॉलिश की कोटिंग हा खरा प्रश्न त्यांच्यापुरताच आहे.

त्यातही एक प्रकार वेगळा काढावा लागतो. समोरचा भाग चांदीसारखा चकचकीत आणि खाचांमध्ये काळा रंग, अशी दुरंगी चाकं डायमंड कट असतात. ती चमक लेथवर धातूचा पातळ थर काढून आणलेली असते आणि वर पारदर्शक लॅकर असतं. हातानं पॉलिश करून ती तशीच परत येत नाही. पुन्हा लेथवर घ्यावी लागतात आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणजे हे कितीही वेळा करता येत नाही. अशा चाकांना एकरंगी पावडर कोटिंग होतं, मात्र दुरंगी रूप जातं.

पॉलिशमध्ये नेमकं काय होतं

आधी जुना रंग आणि लॅकर काढतात. मग जाड पेपरपासून बारीक पेपरपर्यंत पाण्यात घासत जातात आणि शेवटी कापडी चाकावर मसाला लावून बफिंग. पितळी भांडी, मूर्ती उजळणाऱ्यांकडे जे चालतं त्याच जातीचं हे काम. निघाल्यावर चाक आरशासारखं दिसतं, यात वाद नाही.

अडचण पुढे सुरू होते. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा थर धरतो आणि चमक मंदावते. चिखल, शेणखत, रासायनिक खताचं पाणी लागलं की डाग पडतात. सर्व्हिसिंग सेंटरवर काही ठिकाणी चाकांवर ॲसिड मारतात, घरी कोणी धुण्याचा सोडा वापरतं. पॉलिश केलेल्या चाकाला हे दोन्ही मारक आहे. सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि ॲसिड धातू खातं. साधं पाणी आणि गाडीचा शाम्पू, एवढंच चालतं. शिवाय पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी हातानं मेटल पॉलिश मारायची तयारी हवी.

त्यावर लॅकर मारून घेतलं तर हा त्रास कमी होतो, पण आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकरची पकड कमी असते. खडीचा एक टवका उडाला की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. त्या वरून पुसून जात नाहीत, सगळं लॅकर काढूनच काम करावं लागतं. त्यामुळे गाडी शेडमध्ये उभी राहणारी, डांबरी रस्त्यावर चालणारी आणि मालक हौशी असेल तर पॉलिश शोभतं. रोज वस्तीवरून कच्च्या रस्त्यानं तालुक्याला जाणाऱ्या गाडीला ते परवडत नाही.

कोटिंगवाल्याला काय विचारायचं

पावडर कोटिंग गावात नवं नाही. लोखंडी कपाटं, ग्रील, गेट त्यातूनच निघतात. सुकी रंगाची पावडर विजेचा भार देऊन धातूवर उडवतात, ती चिकटते, मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटं भाजतात. पावडर वितळून एकसंध थर होतो. हा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि बारीक खडीचा मार नेहमीच्या स्प्रे पेंटपेक्षा चांगला सोसतो.

कुपवाड, शिरोली अशा एमआयडीसींच्या भागात हे काम होतं. पण ग्रील करणारा प्रत्येक जण चाकं नीट करेलच असं नाही. पहिला प्रश्न पावडरीचा. कपाटासाठी वापरतात ती इपॉक्सी मिसळलेली पावडर घराच्या आत ठीक असते, उन्हात ती भुरी पडते. चाकाला प्युअर पॉलिस्टर पावडर मागावी. दुसरा प्रश्न भट्टीचा. अलॉय ओतीव असतं, त्याच्या बारीक छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं. पावडर मारण्याआधी चाक एकदा तापवून घेतलं नाही तर भाजताना ते बाहेर येतं आणि रंगावर टाचणीएवढी भोकं पडतात. उलट २०० अंशांच्या बरंच पुढे किंवा पुन्हा पुन्हा भाजलं तर अलॉयला कारखान्यात उष्णता प्रक्रियेनं दिलेली ताकद उतरते. जुना रंग काढायला चाक थेट जाळावर धरणाऱ्याकडे काम देऊच नये. कॉस्टिकच्या टाकीत बुडवणाऱ्याकडेही नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम विरघळवतं.

टायर, व्हॉल्व्ह आणि हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते भट्टीआधी निघालेच पाहिजेत. टायर काढणं-घालणं आणि बॅलन्सिंग दरात धरलंय का, तेही आधीच विचारून घ्यावं. नंतरची बरीच वादावादी यावरूनच होते. दसऱ्याच्या तोंडावर घाईत काम टाकण्यापेक्षा आधी चार दिवस टाकलेलं बरं.

भेग झाकली जाते

या सगळ्यात सर्वात महत्त्वाची गोष्ट चमकेशी संबंधित नाही. खड्ड्यात जोरात आदळलेल्या चाकाला आतल्या बाजूला किंवा आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग असू शकते. टायरमधली हवा वारंवार उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही, हे तिचं एक लक्षण. पावडरीचा जाड थर अशी भेग सहज झाकतो. चाक नवंकोरं दिसतं आणि वेगात तुटतं.

म्हणून जुना रंग निघाल्यावर मालकानं स्वतः जाऊन उघडं चाक बघावं. तेही ब्लास्टिंगच्या आधी, कारण ब्लास्टिंगच्या माऱ्यानं बारीक भेगेचं तोंड मिटू शकतं. शंका असेल तर डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्यावी. लाल रंग लावून पुसतात, वर पांढरा थर फवारतात, भेग असेल तर लाल रेघ उमटते. ओतकामाचा माल तपासणाऱ्यांना ही पद्धत माहीत असते. आऱ्याला किंवा नटांच्या भोवती भेग निघाली तर वेल्डिंग करून वर कोटिंग मारणं म्हणजे जिवाशी खेळ. ते चाक भंगारात जायला हवं.

नटांच्या बाबतीतही असंच. नट बसतो ती खोलगट जागा आणि हबला टेकणारी मागची बाजू यांवर पावडर नको, तिथं टेप किंवा प्लग लावून झाकायला सांगावं. तिथं थर राहिला तर तो दाबानं चेपतो आणि नट हळूहळू ढिले पडतात. चाकं बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघावा.

चाकं दोन-तीन दिवस बाहेर असतील तर गाडी विटांवर उभी करू नये, विटा फुटतात. लोखंडी स्टँड भाड्यानं किंवा गॅरेजमधून मिळतात. आणि चार चाकं देताना स्टेपनीही द्यावी. गाडीखाली टांगलेली लोखंडी स्टेपनी वर्षानुवर्षं चिखल खात असते, तिचा गंज पंक्चर झाल्यावरच दिसतो.