बोललेलें आणि टिपलेलें

२०२० च्या मार्चमध्यें महासाथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा-महाविद्यालयें बंद झालीं आणि झूम, गूगल मीट अशा साधनांवर वर्ग भरूं लागले. व्याख्यानाचें ध्वनिचित्रमुद्रण होऊं लागल्यामुळें गैरहजर विद्यार्थ्यासही तें मागाहून ऐकतां येऊं लागलें. ही सोय नवी खरी. परंतु बोललेला पाठ टिपून ठेवण्याचा एक थोर दाखला आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतच आहे.

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें प्रवराकांठीं नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेचें निरूपण केलें व सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. त्या लेखनांत वक्त्याबरोबर सभाही उतरली आहे. श्रोत्यांची आळवणी, मध्येंच निवृत्तिनाथांचें बोलणें, विषय लांबला म्हणून मागितलेली क्षमा, हें सारें ओव्यांत आहे. पुढें शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें एकनाथांनीं प्रती पडताळून पाठ शुद्ध केला.

आजच्या मुद्रणांत अध्यापकाचा आवाज जसाच्या तसा राहतो. मात्र विद्यार्थ्यांचे कॅमेरे व माईक बंद असले, तर त्यांच्या शंका त्यांत उमटत नाहींत. अशा मुद्रणावरून पुढील पिढीस अध्यापक काय बोलला हें कळेल, वर्गास काय समजलें हें कळणार नाहीं. म्हणून मुद्रण चालूं असतांना अध्यापकानें वारंवार थांबावें व विद्यार्थ्यांस बोलतें करावें, असें आम्हांस वाटतें.