सायकलीचे इरले

आमच्या कोकणात पूर्वी भाताची लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरले असायचे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहत आणि पाऊस पाठीवरून ओघळून जाई. १९८३ च्या सुमारास, शाळेत असताना, माझ्या मनात आले की सायकलीला असे इरले का असू नये? दोन कामट्या वाकवून मी हँडलला बांधल्या आणि त्यांवर खताच्या पोत्याचे प्लास्टिक ताणले. मोहल्ल्यातून जाताना सगळे झकास होते. खाडीच्या पुलावर आलो आणि बाजूने वारा सुटला. सायकल कठड्याला आणि मी चिखलात! घरी अब्बांनी गुडघ्याला हळद लावली आणि एवढेच म्हणाले, "पावसाला अडवलंस ते ठीक. वाऱ्याला विचारलं होतंस का?"

हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी लोकांना पडला होता, हे मला फार उशिरा वाचनातून कळले. इंग्रजीत अशा आवरणाला 'फेअरिंग' म्हणतात. त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली.

सपाट रस्त्यावर सायकल वेगात असते तेव्हा स्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा दूर सारण्यात खर्च होते. त्यात वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला ताकद दुप्पट लागत नाही, आठपट लागते. म्हणून पायांत बळ भरण्यापेक्षा हवेला फसवणे सोपे, हे विमानवाल्यांच्या आधी ध्यानात आले. एत्येन ब्युनो-वारिला हा असाच विमान उडवणारा तरुण. त्याने सायकलीभोवती पाणतीराच्या आकाराचे कवच बसवले. पुढे गोलसर, मागे निमुळते, मासळीसारखे. १९१३ मध्ये मार्सेल बेर्ते हा नामांकित शर्यतपटू त्या कवचात बसून धावला आणि त्याचा वेग पाहून लोक थक्क झाले.

त्या काळी 'तासाचा विक्रम' ही सायकल जगतातली मोठी मानाची गोष्ट होती. एका तासात माणूस किती अंतर कापतो, एवढाच हिशेब. लहानपणी आम्हीही तासाच्या भाड्याने सायकल घ्यायचो आणि त्या तासात किती फेऱ्या होतात ते मोजायचो. तसेच हे, फक्त मोठ्यांचे. बेर्ते आणि स्विस खेळाडू ऑस्कर एग यांनी हा विक्रम एकमेकांकडून अनेकदा हिसकावून घेतला. शेवटी १९१४ मध्ये एगने तो ४४.२४७ किलोमीटरवर नेला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने हवेला चुकवणारी आवरणे शर्यतींतून हद्दपार केली.

दुसरे प्रकरण शार्ल मोशे या कारागिराचे. आपल्या मुलाने दुचाकीवरून पडू नये म्हणून त्याने त्याला पायडलची चारचाकी करून दिली. ती पाहून मोठी माणसेच मागू लागली! मग मोशेने तिचे दुचाकी रूप काढले. त्यावर स्वार पाठीवर रेलून बसतो आणि पाय पुढे करून पायडल मारतो. आवरण वगैरे काही नाही. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या साधारण दर्जाच्या शर्यतपटूने पॅरिसमध्ये तिच्यावरून तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि एगचा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला. पुढच्याच महिन्यात मॉरिस रिशारने साध्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर केले. खरा विक्रम कोणाचा, यावर वाद पेटला. संघाने सायकलीची नवी व्याख्या केली आणि १ एप्रिल १९३४ पासून रेलून चालवायची सायकल बाद झाली. मान्यता रिशारच्या विक्रमाला मिळाली. मोशे त्याच वर्षी वारला.

दरम्यान, नोव्हेंबर १९३३ मध्ये बेर्ते पुन्हा उतरला होता, तेही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. विमाने घडवणाऱ्या मार्सेल रिफार याने आखलेल्या कवचबंद सायकलीत त्याने तासाला ४९.९९२ किलोमीटर केले. आठ मीटर कमी पडले, नाहीतर पन्नास पूर्ण! ते काम फोरने १९३९ मध्ये, मोशेच्याच धर्तीच्या सायकलीला आवरण घालून केले : ५०.५३७ किलोमीटर. संघाच्या नियमात बसणाऱ्या सायकलीवर पन्नासची रेघ ओलांडायला त्यानंतर पंचेचाळीस वर्षे लागली. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने मेक्सिको शहरात ती ओलांडली.

बहिष्कृतांनी अखेर आपले वेगळे अंगण शोधले. १९७५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक चेस्टर काइल आणि त्यांच्या मित्रांनी कसलेही बंधन नसलेल्या वाहनांची स्पर्धा भरवली. अट एकच : बळ माणसाचे हवे. त्यातूनच पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये नेवाडातल्या बॅटल माउंटनजवळच्या सरळ रस्त्यावर कॅनडाच्या टॉड रायकर्टने ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, उतारावरची घसरगुंडी नाही. दोन पाय आणि एक कवच.

मग सगळ्यांनी असे कवच का घेऊ नये? इथे अब्बांचा प्रश्न पुन्हा येतो. रायकर्टच्या वाहनाला काचही नव्हती. तो आतल्या पडद्यावर रस्ता पाहत होता. त्याला सुटताना कोणीतरी धरावे लागे आणि थांबताना कोणीतरी झेलावे लागे. अशा वाहनाने बाजारात कसे जाणार? शिवाय आवरणाचे वजन असते. चढावर वेग कमी, म्हणजे हवेचा अडथळाही कमी. तिथे आवरणाचा फायदा उरत नाही, ओझे मात्र उरते. बाजूचा वारा दोन चाकांवरच्या रुंद पत्र्याला ढकलतो. उन्हाळ्यात आत घामाच्या धारा लागतात. ते जिन्यावरून घरात नेता येत नाही, आणि किंमत साध्या सायकलीच्या अनेक पट. दुसऱ्या बाजूला, डेन्मार्क आणि हॉलंडमध्ये तीन चाकांच्या कवचबंद सायकली लोक रोजच्या कामालाही वापरतात. तीन चाकांमुळे तोल जात नाही आणि पाऊस, थंडी बाहेरच राहतात. सपाट देश, थंड हवा आणि सायकलींसाठी राखलेले रस्ते यांमुळे तिथे हे जमते.

मी कवी आहे, त्यामुळे संघाची बाजू मला कळते. गझल लिहायची तर रदीफ-काफिया पाळावा लागतो. तो सोडून उत्तम कविता होईल, पण तिला गझल म्हणता येणार नाही. शर्यत माणसांची हवी की कारागिरांची, हे कोणीतरी ठरवायलाच हवे. कवचाला मोकळीक दिली असती, तर ज्याच्याकडे पैसा तोच जिंकला असता.

पण गझलेच्या नियमांनी कोणी मुक्तछंदाला साहित्यातून हाकलले नाही. सायकलीचे तसे झाले, असे मला वाटते. शर्यतीसाठी केलेली व्याख्या दुकानांत आणि आपल्या डोक्यांत जाऊन बसली. सायकल म्हणजे उघडी, ताठ बसायची आणि वाकून पळवायची, एवढेच आपण शिकलो. शर्यत कधीच न लावणाऱ्या पोस्टमनला, दूधवाल्याला, शाळेतल्या मुलीला पावसात कोरडे कसे ठेवायचे, यावर डोके चालवायला मग फार थोडे लोक उरले. नियम शर्यतीला बरोबर होता. भिजला मात्र शर्यतीबाहेरचा माणूस.

आजही जुलैत आमच्या खाडीच्या पुलावरून मुले प्लास्टिकचे कागद अंगाला गुंडाळून सायकलीवर जाताना दिसतात. त्यांच्यातल्या कोणी हँडलला कामट्या बांधल्या, तर मी रागावणार नाही. फक्त अब्बांचा प्रश्न त्याला विचारेन आणि तिसरे चाक कुठे बसवता येईल, ते त्याच्या शेजारी बसून पाहीन.